भोंगाबाईंनी धरलेला डूख

पन्नाशी उलटेपर्यंत भोंगाबाईंनी कुणाला शिवी दिली नव्हती. पहिली दिली ती एका किड्याला, आणि तीही माइक चालू असताना.

बसस्थानकातल्या चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. प्रत्येक खांबावर एक भोंगा आणि प्रत्येक भोंग्यात बाई, म्हणून चालक-वाहकांनी हे नाव पाडलं. खरं नाव पगारापुरतं उरलं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. गाडी रद्द झाली हेसुद्धा त्या इतक्या गोडव्याने सांगत की माणूस चिडायचं सोडून बाकावर जरा सरकून शेजारच्याला जागा करून देई.

नवरा त्याच आगाराच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, बाईसुद्धा. घरी बोलण्याचं खातं मिस्त्रींकडे होतं. “दिवसभर गावाशी बोलून माझा घसा बसतो, आता तुम्ही बोला,” असं म्हणून बाई भाजी निवडत बसायच्या आणि मिस्त्री गिअरबॉक्सपासून जगबुडीपर्यंत कशावरही बोलायचे. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर आणि जाऊ, त्यांची दोन पोरं, एवढंच काय ते जवळचं गोत. दिराची स्थानकामागच्या रस्त्याला लाकडाची वखार होती.

वर्कशॉप आणि फलाट यांच्या मधे पांढरसालीच्या झाडांची रांग होती. हे झाड त्या मुलखाचंच. कुणी लावावं लागत नाही. पाखरानं बी टाकलं की उगवतं, आणि एकदा उगवलं की तीन पिढ्यांना सावली देतं. मिस्त्री रोज दुपारी तिथेच डबा उघडायचे.

त्या दुपारी पानही हलत नव्हतं. बाई डोंगराकडची गाडी पुकारत होत्या. मागे कडाड्कन आवाज झाला. टायर फुटला असेल, म्हणून त्या पुढचे थांबे सांगत राहिल्या. मग कुणीतरी काचेवर दोन्ही हातांनी थापा मारल्या. “बाई! मिस्त्री! फांदी पडली!”

फांदी कसली, अर्धं झाडच ते. वर्कशॉपमधल्या माणसांनी जॅक लावून ते उचललं. मिस्त्रींचा खुबा आणि मांडीचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होते. स्ट्रेचरवर घेताना म्हणाले, “डबा बघ गं सांडला का.” बाईंना रडूही आलं नाही. त्या फांदीच्या मोडलेल्या टोकाकडे बघत राहिल्या. बाहेरून हिरवीगार फांदी आतून बासरीसारखी पोकळ होती. भोकांमधून भुसा गळत होता, आणि एका भोकात बोटाएवढी पांढरी, लठ्ठ अळी निवांत वळवळत होती. जणू घर तिचंच.

बाईंनी ती चिमटीत धरून मिस्त्रींच्या रिकाम्या डब्यात टाकली. दवाखान्यातून सवड मिळाली तशी डबा घेऊन वनखात्याच्या ऑफिसात गेल्या.

तिथे एक अधिकारी होते, सगळे त्यांना किडेसाहेब म्हणत. शिकलेला, भला माणूस, पण बोलायला लागला की समोरच्याला जांभई यावी. त्यांच्या खोलीत न वाटलेली पत्रकं छतापर्यंत रचली होती. डबा उघडताच साहेबांचा चेहरा पडला.

“तुमच्या आगारापर्यंत आली म्हणजे,” ते म्हणाले. “हिचा भुंगेरा काळा असतो, पाठीवर पांढरे ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब. परदेशातून यंत्रं येतात ना, त्यांच्या लाकडी पेट्यांमधून आला. इथे त्याला खाणारं पाखरू नाही आणि आपल्या झाडांना त्याची सवय नाही. मादी सालीत अंडी घालते. अळी आतलं लाकूड खात राहते. झाड वरून टवटवीत दिसतं, आणि एक दिवस…”

“एक दिवस काय होतं ते मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “उडत आला का तो एवढ्या लांब?”

“छे. उडणं त्याचं बेताचंच. पेटी, फळी, सरपणाची मोळी, त्यातून माणूसच त्याला फिरवतो.”

“म्हणजे कुणीतरी आणला.”

“हो.”

“कुणी?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “ते शोधणं कठीण असतं. आम्ही वखारींना ताकीद देतो. सभा घेतो. मागच्या सभेला चौघे आले होते. त्यातले दोघे पंखा आहे म्हणून बसले.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते माझ्या मिस्त्रींच्या कानावर गेलं नाही. भुसा सांडलेल्या झाडाखाली जेवू नका, एवढं कुणी सांगितलं असतं तर?” बाईंनी जाताना पत्रकांचा एक गठ्ठा उचलला. मागितला नाही, उचलला.

मिस्त्री दवाखान्यात असेपर्यंत दिरानं धावपळीत काही कमी केलं नाही. रक्त दिलं, औषधं आणली. मिस्त्रींना घरी आणायची वेळ आली तेव्हा त्यानं स्वतःच्या वखारीत एक उंच, दणकट पलंग बनवून, रंगवून पाठवला. “दादाला उठता-बसता त्रास नको,” म्हणाला. बाईंचे डोळे भरून आले. असा दीर मिळायला नशीब लागतं, असं त्या चार ठिकाणी बोलल्या.

मग त्या कामावर रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी माइक उघडून “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे” म्हटलं आणि खिडकीच्या कठड्यावरून काळा, ठिपक्यांचा भुंगेरा मिशा हलवत टेबलावर उतरला. रुबाब असा की तिकीट काढायला आलाय. बाईंनी पायातली चप्पल काढली.

“भाड्या! माझा मिस्त्री खाल्लास!”

मागोमाग फटकन आवाज. सगळ्या खांबांवरच्या भोंग्यांतून तो स्थानकभर घुमला. चहावाल्याचा हात थांबला. एक वाहक धावत खिडकीशी आला. “बाई, माइक! माइक चालू आहे!”

बाईंनी लाल दिव्याकडे पाहिलं. बंद करणार होत्या, पण केला नाही. त्याच गोड आवाजात म्हणाल्या, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आत्ता मारला त्याचं नाव ठिपक्या. हा आपल्या पांढरसालींना आतून पोखरतोय. सालीवर पेन्सिल जाईल एवढं गोल भोक आणि खाली ओला भुसा दिसला की समजा, हा आत बसलाय. दिसला तर मारा. मारून माझ्या खिडकीवर आणा. सरपण आणि जुन्या फळ्या एका गावाहून दुसऱ्या गावी नेऊ नका. नदीपलीकडे जाणारी गाडी फलाट दोनवर लागत आहे.”

आगारप्रमुखांनी बोलावून घेतलं. “बाई, स्थानकावर शिव्या?”

“शिवी किड्याला होती, साहेब. किडा प्रवासी नाही.”

आगारप्रमुखांनी विषय तिथेच सोडला. फांदी त्यांच्याच हद्दीत पडली होती, त्यामुळे त्यांना फार ताणायचं नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंनी डूख धरला. दोन गाड्यांच्या मधे जिथे पूर्वी शांतता असे, तिथे आता ठिपक्या असे. खिडकीत एक काचेची बरणी आली आणि ती भरत चालली. लोक कागदात, काडेपेटीत, रुमालात किडे आणून देत आणि बाई प्रत्येकाला विचारत, “कुठे सापडला?” मेलेला किडासुद्धा त्या एकदा चपलेच्या टाचेखाली घ्यायच्या, मग बरणीत टाकायच्या. बघणाऱ्याला हसू यायचं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की ते गिळावं लागायचं.

एकदा डोंगराकडच्या गाडीच्या टपावर एक म्हातारी सरपणाची मोळी चढवत होती. लेकीकडे चालली होती. वाहक नको म्हणाला, म्हातारी ऐकेना. बाई खिडकी सोडून फलाटावर आल्या.

“आजी, ही मोळी वर जाणार नाही.”

“का गं बाई? सुकं लाकूड आहे, घरचं आहे. तुझ्या बापाचं काय जातं?”

“नवऱ्याचं गेलं. चालणं गेलं.” बाईंनी मोळीतलं जाडसं लाकूड ओढलं आणि वर्कशॉपमधून घण मागवला. लाकूड फुटलं. आत तीन अळ्या होत्या. गर्दी मागे सरली, मग तितकीच पुढे आली.

“आजी, डोंगरात पांढरसालींचं रान आहे. अजून त्यात एक भोक नाही. तुम्ही लेकीला चुलीपुरतं लाकूड नेताय, आणि तिच्या नातवंडांची सावली खाणाऱ्याला टपावर बसवून नेताय.”

म्हातारीनं वाकून त्या अळ्या नीट पाहिल्या. मग तिनंच पायातला जोडा काढून त्या ठेचल्या. गाडी मोळीशिवाय गेली. त्यानंतर कुठल्याही वाहकानं टपावर लाकूड चढू दिलं नाही. आणि जो चढवू पाही, त्याला सगळा फलाट ओरडायचा. छतापर्यंत रचलेल्या पत्रकांनी जे साधलं नव्हतं, ते एका घणानं केलं.

घरी मिस्त्रींना हे सगळं ऐकायला मजा वाटे. आता बोलायचं खातं बाईंकडे गेलं होतं.

“अगं, पण त्या बिचाऱ्याला काय ठाऊक खाली मी जेवतोय?”

“बिचारा म्हणू नका त्याला.”

“त्याला पोट आहे, आपल्याला पोट आहे.”

“त्याचं पोट त्याच्या मुलखात भरावं. आणि तो काही स्वतःहून आला नाही. आणणारा मला सापडू दे. त्याची गत ह्या किड्यासारखी करीन.”

मिस्त्री हसले. “किडे मारून तुझी चप्पल झिजली, माणसाला काय बूट आणणार?” बाई हसल्या नाहीत.

एका सुट्टीच्या दुपारी घर शांत होतं. मिस्त्री पडल्या पडल्या म्हणाले, “हा पलंग माझ्याशी बोलतो हल्ली.”

“औषधाची गुंगी आहे ती.”

“कान लाव, मग सांग.”

बाईंनी उशीजवळ फळीला कान लावला. शेजारच्या खोलीत कुणी कडक पाव चावतंय, असा बारीक, एकसारखा आवाज येत होता. बाई जमिनीवर आडव्या झाल्या आणि पलंगाखाली सरकल्या. वरून लावलेला रंग खाली पोचला नव्हता. तिथे कच्चं लाकूड होतं, त्यावर परक्या लिपीतली अर्धवट अक्षरं होती, आणि जपून उचला असं सांगणारं काचेच्या पेल्याचं चित्र होतं. पेल्याच्या बाजूलाच एक गोल भोक, आणि खाली भुशाची छोटी रास. हा भुसा बाई रोज सकाळी झाडून काढत होत्या, भिंतीचा गिलावा गळतोय समजून.

त्या बाहेर आल्या तेव्हा केसांत भुसा होता. मिस्त्रींनी तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. “हे बघ,” ते म्हणाले, “तो माझा भाऊ आहे. त्याला माहीत नसेल.”

“विचारून येते,” बाई म्हणाल्या.

वखारीत दीर फळ्यांचे खिळे उपसत होता. मागे पेट्यांचा ढीग, सगळ्यांवर तोच पेला. बाईंनी विचारलं, “भाऊजी, वनखात्याचे साहेब तुमच्याकडे आले होते का?”

“आले होते, मागच्या वर्षी. का हो वहिनी?”

“काय म्हणाले?”

दिरानं पक्कड खाली ठेवली. “म्हणाले, पेट्यांचं लाकूड भट्टीत तापवल्याशिवाय विकू नका. वहिनी, भट्टी काय दारात पडलीय? सगळेच विकतात असं. मी हो हो म्हटलं, गेले ते.”

“किडा असतो हे सांगितलं होतं?”

“सांगितलं होतं.”

“पलंग बनवलात तेव्हा ठाऊक होतं?”

दिरानं शेजारच्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “चांगल्यातल्या फळ्या निवडल्या होत्या वहिनी. दादासाठी म्हणून. एवढ्याशा किड्यापायी आता घर तोडू नका.”

ते ‘एवढ्याशा’ बाईंच्या काळजात घुसलं. सुट्टी असून सरळ स्थानकावर गेल्या, खिडकीवरच्या माणसाला उठवलं आणि माइक ओढला. संध्याकाळची वेळ, फलाट गच्च भरलेला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. स्थानकामागच्या रस्त्यावरील वखारीतून ज्यांनी गेल्या वर्षभरात फळ्या, सरपण, पलंग, बाकं किंवा कोंबड्यांची खुराडी नेली असतील, त्यांनी ती दुसऱ्या गावी नेऊ नयेत आणि वनखात्याला कळवावं. त्या लाकडात ठिपक्या आहे. वखारीच्या मालकाला हे सांगितलेलं होतं. ही वखार निवेदिकेच्या सख्ख्या दिराची आहे. धन्यवाद.”

एवढं बोलून त्यांनी पुढची गाडी पुकारली. आवाज तसूभरही हलला नाही. बाहेर चहावाला हळूच म्हणाला, “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.” कोण कुऱ्हाड आणि कोण गोत, ते त्यानं सांगितलं नाही.

सकाळी वखारीपुढे ही गर्दी. कुणी स्टूल परत आणलं, कुणी पाळणा. वनखात्यानं कुलूप ठोकलं, आणि मग सगळं लाकूड, पेट्यांचा अख्खा डोंगर, गावाबाहेरच्या वीटभट्टीत नेऊन जाळलं. बाई बघायला गेल्या. आगीच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या की भुवया करपल्याचा वास आला. आत अळ्या तडतडत होत्या. पलीकडे दीर डोक्याला हात लावून बसला होता. सूड गोड लागतो म्हणतात. बाईंना तो गोड लागला. खोटं कशाला सांगा?

दुसऱ्या दिवशी जाऊ खिडकीवर आली. काचेला कपाळ टेकवून म्हणाली, “ताई, माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही केलीत. आणि तुम्हीच आमच्या तोंडाला काळं फासलंत? पोरं शाळेत जायला तयार नाहीत. समाधान झालं ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मिस्त्री जिना चढतील त्या दिवशी बघू.”

माइकचा खासगी वापर केला म्हणून आगारप्रमुखांनी बाईंना घरी बसवलं. बाईंनी निमूट चावी दिली आणि किडेसाहेबांकडे गेल्या. साहेबांकडे बॅटरीवर चालणारा हातातला भोंगा होता, सभांसाठी घेतलेला, जवळजवळ कोराच. दुसऱ्या दिवसापासून बाई स्थानकाच्या फाटकाबाहेर उभ्या. साहेब शेजारी भोकं पडलेला ओंडका धरून उभे राहत. बोलायला त्यांना सक्त मनाई होती.

असं चालू असताना एक दिवस दीर घरी आला. दाराशीच उभा राहिला. मिस्त्री नव्या लोखंडी खाटेवर बसले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला. “माझ्याकडून संपलं,” ते म्हणाले. “फांदी तू पाडली नाहीस. पण सांगितलेलं तू ऐकलं नाहीस, ते खरं. हिचं खातं वेगळं आहे, त्यात मी हात घालत नाही.”

दीर वळला. “वहिनी, पाया पडतो. माफ करा.”

“माफी नको मला. उद्या फाटकावर या. ओंडका हातात घ्यायचा आणि जे केलंत ते भोंग्यातून सांगायचं. मी सांगेन तितके दिवस.”

“वहिनी, सगळ्या गावापुढे?”

“गावाची झाडं गेली. घरातल्या घरात सांगून काय होणार?”

तो आला. पहिल्या दिवशी ओठातल्या ओठात पुटपुटला. बाई मागून म्हणाल्या, “मोठ्यानं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे.” त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “मी… लाकूड विकलं. किडा आहे हे मला सांगितलं होतं. तरी विकलं. माझ्या दादाचा पाय गेला.” लोक थांबले. कुणी थुंकलं, एकानं शिवी हासडली. बाईंनी ते सगळं डोळे भरून पाहिलं.

पण पुढे झालं ते बाईंच्या हिशेबात नव्हतं. शहाण्याचं कुणी ऐकत नाही, चुकलेल्याचं सगळे ऐकतात. दिराला लाकडाची नस ठाऊक. कुठली फळी पेटीची, वास कसा येतो, रंगाखाली काय लपवतात, हे तो असं सांगू लागला की माणसं गाडी चुकवून थांबायची. बाजारातले दुसरे वखारवाले ऐकून गेले आणि त्यातल्या दोघांनी मिळून भट्टी उभारली. थुंकणारे आता त्याला चहा पाजू लागले. “भला माणूस हो,” म्हणू लागले, “कबूल करायला छाती लागते.”

बाईंच्या डोक्यात तिडीक जाई. अद्दल घडवायला आणला होता, आणि हा पुढारी होऊन बसला. “त्याला बंद करा,” असं एकदा त्या किडेसाहेबांना म्हणाल्यासुद्धा. साहेब चाचरत म्हणाले, “बाई, गेल्या दोन हंगामांत डोंगरात एकही किडा सापडला नाही. तुम्ही ठरवा.” बाईंनी दातओठ खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी भोंगा पुन्हा दिराच्या हातात दिला.

गावातल्या बऱ्याच पांढरसाली तोडाव्या लागल्या. आगाराजवळची सगळी रांग गेली. वेळेवर कळवलेली थोडी झाडं वाचली. स्थानकावर बाईंच्या जागी लावलेली टेप कुणाला कळेना. प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा आगारप्रमुखांनी बाईंना परत बोलावलं, पण पाळी सुरू होण्याआधी फाटकावर उभं राहणं बाईंनी सोडलं नाही. मिस्त्री काठी घेऊन अंगणात फिरतात, जिना मात्र अजून चढत नाहीत. दीर त्यांना भेटायला येतो. बाई त्याच्यापुढे चहाचा कप ठेवतात आणि आत निघून जातात. त्याच्याशी बोलायचं ते फक्त फाटकावर, तेही किड्याचं.

परवा तो फाटकावर आला नाही. भोंगा बाईंनीच घेतला, तर पुढचा एक प्रवासी म्हणाला, “ते भाऊ कुठे गेले? त्यांचं ऐकायला थांबलो होतो.” काम संपल्यावर त्या तरातरा दिराच्या घरी गेल्या. वखारीतलं लाकूड जाळल्यापासून त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. दीर तापानं फणफणून पडला होता. जाऊ उंबऱ्याशी आली आणि त्यांना बघून तशीच थबकली.

“उद्या डोंगरातल्या शेवटच्या थांब्यावर बाजार आहे,” बाई तिच्या खांद्यावरून आतल्या अंधाराकडे बघत म्हणाल्या. “तिथल्या लोकांनी अजून एकदाही ऐकलेलं नाही. पहिली गाडी. ताप उतरला नसेल तर शाल पांघरून या.”

“येतो वहिनी,” आतून क्षीण आवाज आला.

जाऊनं दार पूर्ण उघडलं. “ताई, आत तरी या.”

“गाडी सुटेल माझी,” बाई म्हणाल्या. त्यांचं घर दोन गल्ल्यांवर होतं. त्या चालतच गेल्या.